पित्तक्षारांपुढे लिपिडचे पटल किती टिकते, आणि त्यात कोलेस्टेरॉलचा वाटा काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की पित्तक्षार यकृतात कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात आणि दोहोंचा चार वलयांचा सांगाडा मुळात एकच असतो, तरीही पित्तक्षार लिपिडचे पटल विरघळवतात आणि कोलेस्टेरॉल मात्र तेच पटल घट्ट करते, हे कसे. दुसरी तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे: तोंडावाटे द्यायच्या लायपोसोममध्ये (औषध भरलेल्या, लिपिडच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) भरपूर कोलेस्टेरॉल घातले, तर ते आतड्यातल्या पित्तक्षारांपुढे टिकाव धरतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही अंशी, आणि त्यासाठी दुसरीकडे काही सोडून द्यावे लागते’ असे आहे. परंतु किती अंशी आणि काय सोडून, हे ठरवायचे तर पहिल्या प्रश्नातूनच जावे लागते.

या जोडीविषयी माझे एक ठाम मत आहे. ‘पित्तक्षार पटल मोडणारे आणि कोलेस्टेरॉल पटल सांभाळणारे’ अशी जी मांडणी वर्गात केली जाते, ती अर्धीच आहे आणि त्या अर्ध्या चित्रावरून आखलेले प्रयोग बहुतेक वेळा फसतात. या दोघांच्या मध्ये एक तिसरा रेणू उभा असतो, तो म्हणजे फॉस्फोलिपिड (जलस्नेही डोके आणि तेलकट शेपट्या असलेले, पटलाचे मुख्य लिपिड), प्रामुख्याने लेसिथिन. कोलेस्टेरॉलला पाण्यात तग धरण्यासाठी लेसिथिन लागते, आणि पित्तक्षारही मिश्र मायसेल (पाण्यात विखुरलेले, दोन्ही प्रकारच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके) बांधण्यासाठी लेसिथिनच ओढून घेतात. ज्याच्या वाट्याला लेसिथिन किती येते, त्यावर पटल टिकेल, विरघळेल की त्यातून स्फटिक पडतील, हे ठरते. पुढचे सारे विवेचन या वाटणीचे आहे.

आधी रेणूंची रचना पाहू. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. तिसऱ्या कार्बनवर एकुलता एक हायड्रॉक्सिल गट, पाचव्या आणि सहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध, आणि टोकाला आठ कार्बनची फांदीदार शेपटी. चारही वलये जवळजवळ एका प्रतलात असल्यामुळे रेणू सपाट आणि ताठ असतो. त्याच्या बीटा बाजूवर दोन मेथिल गट वर आलेले असतात, अल्फा बाजू गुळगुळीत असते. पाण्याशी सलगी करणारा भाग म्हणजे एका टोकाचा तो हायड्रॉक्सिल गट, बाकी सगळा रेणू तेलकट. यकृत याच रेणूचे पित्ताम्ल बनवताना शेपटीतले तीन कार्बन काढून टोकाला कार्बोक्सिल गट आणते, सातव्या आणि कोलिक आम्लाच्या बाबतीत बाराव्या कार्बनवरही नवे हायड्रॉक्सिल गट बसवते, तिसऱ्या कार्बनवरचा गट बीटा बाजूवरून अल्फा बाजूला उलटवते आणि दुहेरी बंध अशा रीतीने नाहीसा करते की पहिले वलय दुसऱ्याशी कोन करून वाकते. परिणामी सगळे हायड्रॉक्सिल गट रेणूच्या एकाच बाजूवर येतात आणि दुसरी बाजू पूर्ण तेलकट राहते. साबणाच्या रेणूत डोके आणि शेपूट असते. पित्तक्षारात मात्र एक जलस्नेही पृष्ठ आणि एक जलविरोधी पृष्ठ असते. पटलाशी त्याचे जे काही वेगळे वागणे आहे, ते यातून येते.

नंतर यकृत त्याला ग्लायसिन किंवा टॉरिन जोडते. सुट्या पित्ताम्लाचा पीके (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर भार येतो तो आकडा) सुमारे ५ असतो, ग्लायसिन जोडल्यावर तो ४ च्या आसपास येतो आणि टॉरिन जोडल्यावर २ च्याही खाली जातो, त्यामुळे लहान आतड्याच्या सौम्य आम्ल वातावरणातही त्याचा ऋणभार टिकून राहतो. हा भार असलेला रेणू पटल सहजासहजी ओलांडत नाही, भार नसलेला मात्र चटकन पलीकडे जातो. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

या रेणूंच्या आकाराने रसायनशास्त्रज्ञांनाही चकवले होते. पित्ताम्लांच्या कामासाठी हाइनरिश वीलांड यांना १९२७ चे आणि स्टेरॉलच्या कामासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्या वेळी मान्य असलेली रचना चुकीची होती. १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी स्टेरॉलच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून मोजमापे घेतली, तेव्हा रेणू जुन्या सूत्रात बसणार नाही इतका लांब आणि पातळ निघाला, आणि त्याच वर्षी रोझेनहाइम आणि किंग यांनी नवा सांगाडा मांडला. केवळ वाकण्यामुळे पित्तक्षार पटल मोडतात, असे मात्र समजू नका. रोहू, कटला अशा कार्प कुळातल्या माशांच्या पित्तात सिप्रिनॉल सल्फेट हा जो पित्तक्षार असतो, त्याची पहिली दोन वलये सपाट जोडलेली असतात, तरीही तो उत्तम मायसेल बांधतो आणि विषारीही आहे. औषध म्हणून अशा माशाचे कच्चे पित्ताशय गिळल्याने मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याच्या नोंदी भारतातल्या आहेत. मूळ कारण एका पृष्ठावर गोळा झालेले जलस्नेही गट हेच आहे. वाकलेपणा त्यात भर घालतो.

आता कोलेस्टेरॉल पटलात काय करते ते पाहू. त्याचा हायड्रॉक्सिल गट फॉस्फोलिपिडच्या एस्टर गटांच्या पातळीवर येतो, ताठ वलये शेपट्यांच्या वरच्या भागाला लगटून राहतात आणि फांदीदार शेपटी द्विस्तराच्या, म्हणजे शेपट्या समोरासमोर ठेवून जुळलेल्या लिपिडच्या दोन थरांच्या, मध्याकडे जाते. शेजारच्या लिपिड शेपट्यांची वळवळ त्यामुळे कमी होते, त्या सरळ होतात, पटल जाड होते आणि एकूण क्षेत्रफळ दोन्ही घटकांच्या स्वतंत्र क्षेत्रफळांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. १९२० च्या दशकात लीथ्स यांनी पाण्यावरच्या एकस्तरात हा आकुंचनाचा परिणाम पाहिला होता. शेपट्या सरळ, पण रेणू बाजूला सरकायला मोकळे, अशी ही अवस्था असते. तिला द्रव-सुव्यवस्थित प्रावस्था म्हणतात आणि पेशीचे बाह्यपटल बऱ्याच अंशी तिच्या जवळपास असते. तिथे लिपिड रेणूंपैकी साधारण ३० ते ४० टक्के कोलेस्टेरॉल असते. पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेत मात्र ते काही टक्केच असते.

कोलेस्टेरॉलच्या या वास्तव्याला एक मर्यादा आहे, आणि तुमच्या कामात ती सर्वांत महत्त्वाची आहे. त्याचा जलस्नेही भाग इतका लहान असतो की तो आपले तेलकट अंग पाण्यापासून स्वतः झाकू शकत नाही. शेजारच्या फॉस्फोलिपिडचे मोठे डोके त्यावर छत्रीसारखे पसरते, म्हणून या कल्पनेला छत्री प्रतिरूप असेच नाव पडले आहे. एका डोक्याखाली किती कोलेस्टेरॉल मावणार, हे त्या डोक्याच्या आकारावर अवलंबून असते. फॉस्फॅटिडिलकोलीनच्या, म्हणजे लेसिथिनच्या, द्विस्तरात ही कमाल सुमारे ६६ मोल टक्के (रेणूंच्या संख्येनुसार टक्के), तर लहान डोक्याच्या फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइनमध्ये सुमारे ५१ मोल टक्के आढळली आहे. त्यापलीकडचे कोलेस्टेरॉल मोनोहायड्रेटचे स्फटिक होऊन बाहेर पडते, कारण निव्वळ पाण्यात त्याची विद्राव्यता लिटरला जेमतेम २ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४.७ मायक्रोमोलर आहे.

पित्तक्षार पटलाकडे येतो तो निराळ्या पद्धतीने. कमी प्रमाणात असताना त्याचे सुटे रेणू द्विस्तराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आडवे पडतात: तेलकट पृष्ठ शेपट्यांकडे आणि हायड्रॉक्सिलचे पृष्ठ पाण्याकडे. आडव्या रेणूला पृष्ठभागावर जागा जास्त लागते, पण खोलवर तो जात नाही, म्हणून डोक्यांमधले अंतर वाढते आणि शेपट्यांना आत मोकळीक मिळते; पटल त्या जागी पातळ होते. टॉरिन किंवा ग्लायसिन जोडलेला, भार असलेला रेणू आतल्या स्तरात सहज उतरत नसल्यामुळे बाहेरचा स्तर फुगतो आणि आतला तसाच राहतो, आणि हा ताण निघून जाण्यासाठी पटलात तात्पुरत्या फटी पडतात. या टप्प्यावर लायपोसोम दिसायला धड असतो, त्याचा आकार मोजला तर बदललेला नसतो, गढूळपणाही तेवढाच असतो, परंतु आतले औषध बाहेर निघून गेलेले असते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एक साधा प्रयोग करा. १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये कार्बोक्सिफ्लुओरेसिन हा चमकणारा रंग इतका दाट भरा की त्याची चमक स्वतःच्याच गर्दीने दबून राहील, बाहेरचा रंग जेल स्तंभातून काढून टाका आणि मग सोडियम कोलेट (कोलिक आम्लाचा क्षार) थोडे थोडे घालत जा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा गढूळपणा जागचा हलत नाही आणि तरीही चमक चढू लागते, असा एक सलग पट्टा तुम्हाला दिसेल. आणखी कोलेट घातले की निळसर झाक असलेला द्रव आधी किंचित अधिक दुधाळ होतो, कारण पटले एकमेकांत मिसळून मोठी होतात. मग तो झपाट्याने निवळत जातो आणि शेवटी पाण्यासारखा स्वच्छ होतो. गढूळपणावरूनच ‘लायपोसोम अमुक प्रमाणापर्यंत अभंग राहिले’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी बरेच तपासले आहेत. त्यातला ‘अभंग’ हा शब्द मी दर वेळी खोडतो.

विरघळण्याचे हे तीन टप्पे हेलेनियस आणि सायमन्स यांनी १९७५ मध्ये डिटर्जंटविषयी सर्वसाधारणपणे मांडले: आधी डिटर्जंट पटलात शिरतो, मग पटल संपृक्त झाल्यावर पटले आणि मिश्र मायसेल एकत्र नांदतात, आणि शेवटी केवळ मायसेल उरतात. लिख्टेनबर्ग यांनी त्याला हिशेबाची शिस्त आणली. एकूण पित्तक्षारापैकी काही पाण्यात सुटा राहतो आणि उरलेला लिपिडला धरून राहतो. पटल मोडते ते या दुसऱ्या भागाचे लिपिडशी असलेले गुणोत्तर एका ठरावीक मर्यादेला पोचल्यावर. म्हणून ‘१० मिलिमोलर पित्तक्षारात लायपोसोम विरघळले’ या वाक्याला लिपिड किती होते हे सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नाही. लिपिड ०.१ मिलिमोलर असेल तर जवळजवळ सगळा प्रश्न सुट्या रेणूंच्या सांद्रतेचा असतो, आणि लिपिड १० मिलिमोलर असेल तर तेवढाच पित्तक्षार पटलात वाटला जाऊन अपुरा पडू शकतो. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत, तेव्हा मी सर्वप्रथम हे पाहतो.

पित्तक्षारांचे स्वतःचे मायसेलही विचित्र असतात. सोडियम डोडेसिल सल्फेट या नेहमीच्या डिटर्जंटच्या एका मायसेलमध्ये साठच्या आसपास रेणू असतात. कोलेटच्या मायसेलमध्ये दोन-चार आणि डिऑक्सिकोलेट या दुसऱ्या पित्तक्षाराच्या मायसेलमध्ये, मिठाच्या प्रमाणानुसार, थोडे अधिक. त्यांची क्रांतिक सांद्रता (जिच्यावर मायसेल बनू लागतात ती) एका बिंदूवर ठळक दिसत नाही, ती एक पसरट पट्टी असते: डिऑक्सिकोलेटची साधारण २ ते ६ मिलिमोलर, कोलेटची त्याहून वर. अशा लहानग्या मायसेलच्या पोटात कोलेस्टेरॉलला जागाच नसते, त्यामुळे नुसत्या पित्तक्षाराच्या द्रावणात ते फार थोडे विरघळते. लेसिथिन मिसळले की मिश्र मायसेल मोठे होतात. स्मॉल यांच्या १९६७ च्या कल्पनेत ते लेसिथिनच्या द्विस्तराची चकती आणि तिच्या कडेने पित्तक्षार असे होते. पुढे न्यूट्रॉन कसे विखुरतात हे मोजणाऱ्या प्रयोगांनी लेसिथिन वाढल्यावर ते लांबुळके, दंडगोल होत जातात असे दाखवले. चकती असो वा दंडगोल, कोलेस्टेरॉलला जागा मिळते ती लेसिथिनच्या शेपट्यांमध्ये, आणि त्यामुळे विद्राव्यता कित्येक पटींनी वाढते.

आता दोघे एकाच पटलावर आले तर काय होते, या सर्वांत रंजक भागाकडे येऊ. पटलात कोलेस्टेरॉल थोडे असेल तर ते लेसिथिनबरोबर मुकाट्याने मायसेलमध्ये जाते. प्रमाण वाढले की शेपट्या घट्ट जुळल्यामुळे पित्तक्षाराला पटलात शिरणे अवघड होते आणि मोडतोडीसाठी अधिक पित्तक्षार लागतो. ‘कोलेस्टेरॉल संरक्षण देते’ हे म्हणणे येथपर्यंत बरोबर आहे. परंतु मोडतोड एकदा सुरू झाली की पित्तक्षार पटलातून लेसिथिन अधिक वेगाने ओढून नेतात आणि कोलेस्टेरॉल मागे राहते. उरलेल्या पटलातले कोलेस्टेरॉलचे लेसिथिनशी असलेले गुणोत्तर एकाच्या वर चढते, अशी पटले एकमेकांना चिकटून बहुस्तरी होतात आणि त्यांतून स्फटिक फुटतात. पटल विरघळवणाऱ्या द्रवातच कोलेस्टेरॉल साकळते, हा विरोधाभास यातून निर्माण होतो, आणि पित्ताशयात खडे होण्याची सुरुवात याच वाटेने होते.

यकृताकडून पित्तनलिकेत येणाऱ्या पातळ पित्तात बरेचसे कोलेस्टेरॉल लेसिथिनच्या, एकाच द्विस्तराच्या पुटिकांमध्ये (लहान पिशव्यांमध्ये) असते. पित्ताशय त्यातले पाणी शोषून घेते, पित्तक्षार दाट होतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे पुटिकांमधले लेसिथिन उचलले जाते. ॲडमिरँड आणि स्मॉल यांनी १९६८ मध्ये पित्तक्षार, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल या तिघांचे प्रमाण एका त्रिकोणी आलेखावर मांडून कोणत्या मिश्रणात कोलेस्टेरॉल विरघळलेले राहील याची सीमा आखली, आणि १९७८ मध्ये केरी यांनी एकूण लिपिडच्या सांद्रतेनुसार ही सीमा सरकते हे धरून संपृक्तता निर्देशांकाची (पित्तात विरघळू शकेल त्याच्या किती पट कोलेस्टेरॉल आहे या आकड्याची) कोष्टके दिली. निर्देशांक एकाच्या वर म्हणजे खडे होणारच, असे मात्र नाही. खडे नसलेल्या कितीतरी लोकांचे पित्त अतिसंपृक्त असते; १९७९ मध्ये होलान आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खडेवाल्यांच्या पित्तात स्फटिक फार लवकर दिसू लागतात, आणि रुग्ण व निरोगी यांच्यातला फरक संपृक्ततेपेक्षा या वेळेत अधिक स्पष्ट दिसतो. अशा पित्ताचा थेंब ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर एक कोपरा खाचलेले पातळ, समांतरभुज पत्रे चमकताना दिसतात. ते कोलेस्टेरॉल मोनोहायड्रेट. (सगळे पित्तखडे असे नसतात. आयुर्वेदातले गोरोचन हा बैलाच्या पित्ताशयातला खडा प्रामुख्याने बिलिरुबिनचा असतो, आणि उत्तर भारतात कोलेस्टेरॉलचे तर दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे तुलनेने अधिक आढळतात.)

लेसिथिनच्या वाटणीवरच सारे अवलंबून आहे, या माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार यकृताच्या पेशीतून मिळतो. तिच्या पित्तनलिकेकडच्या पटलावर तीन वेगळे वाहक असतात: एबीसीबी११ पित्तक्षार बाहेर टाकतो, एबीसीबी४ लेसिथिन आतल्या स्तरातून बाहेरच्या स्तरात आणतो, आणि एबीसीजी५ व एबीसीजी८ ही जोडी कोलेस्टेरॉल बाहेर काढते. पित्तक्षार दहा-दहा मिलिमोलरच्या पटीत समोर असताना ते पटल स्वतः विरघळत नाही, कारण त्यात स्फिंगोमायेलिन हे आणखी एक लिपिड आणि कोलेस्टेरॉल यांची घट्ट वीण असते, आणि शिवाय एबीसीबी४ ने आणून दिलेले लेसिथिन पित्तक्षारांची ओढ भागवते. १९९३ मध्ये ज्या उंदरांत हा वाहक निकामी केला गेला, त्यांच्या पित्तात फॉस्फोलिपिड उरले नाही आणि यकृताला इजा होत गेली. पुढे अशाच उंदरांत कोलेस्टेरॉलचे खडेही आढळले. माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रती गंभीररीत्या बिघडल्या तर बालपणापासून वाढत जाणारा पित्तावरोधाचा आजार होतो, आणि बिघाड सौम्य असेल तर तरुणपणीच कोलेस्टेरॉलचे खडे वारंवार होऊ शकतात. लेसिथिन कमी पडले की सुटे पित्तक्षार नलिकेच्या पेशी पोळतात आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉल निराधार होऊन स्फटिकात जाते. एकाच उणिवेचे हे दोन परिणाम आहेत, आणि ‘मोडणारा विरुद्ध सांभाळणारा’ ही मांडणी त्यातला एकही नीट समजावू शकत नाही.

सगळे पित्तक्षार सारखेच आक्रमक असतात असेही नाही. ह्यूमन यांच्या जलविरोधिता निर्देशांकात (आकडा जितका वर, तितका रेणू तेलकट) टॉरोकोलेट, म्हणजे टॉरिन जोडलेले कोलेट, शून्यावर आणि टॉरोलिथोकोलेट एकवर धरले आहे. डिऑक्सिकोलेटचे संयुग बरेच वर येते आणि अर्सोडिऑक्सिकोलेटचे टॉरिन संयुग उणे ०.४७ वर. अर्सोमध्ये सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल बीटा बाजूला वळलेला असतो, त्यामुळे तेलकट पृष्ठ भंगते आणि तो पटलाला फारसे दुखवत नाही. हनुवटीखालची चरबी विरघळवण्यासाठी डिऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले, तर यकृताच्या पित्तनलिकांच्या आजारात अर्सो रोज तोंडावाटे दिले जाते. मधला फरक प्रामुख्याने हायड्रॉक्सिल गटांच्या जागेचा आहे.

आता तुमचे लायपोसोम. प्रयोगशाळेत उपाशीपोटीच्या आतड्याचा जो कृत्रिम द्रव वापरतात, त्याच्या मूळ कृतीत ३ मिलिमोलर टॉरोकोलेट आणि ०.७५ मिलिमोलर लेसिथिन, पीएच ६.५ असे असते. जेवणानंतरच्या द्रवात १५ आणि ३.७५ मिलिमोलर, पीएच ५. लेसिथिन दोन्हींत आधीच आहे, म्हणजे पित्तक्षारांची भूक थोडी भागलेली आहे, हे लक्षात घ्या. नुसत्या टॉरोकोलेटमध्ये केलेली चाचणी यापेक्षा कठोर ठरते. अंड्याचे किंवा सोयाबीनचे असंपृक्त लेसिथिन असेल तर ३० ते ४० मोल टक्के कोलेस्टेरॉल घालूनही जेवणानंतरच्या द्रवात आतला पाण्यात विरघळणारा माल फार वेळ राहील, अशी आशा मी करणार नाही. हायड्रोजनीकृत सोया लेसिथिन किंवा डायस्टिअरॉयल लेसिथिन अशा संपृक्त, लांब शेपट्यांच्या लिपिडबरोबर तेवढेच कोलेस्टेरॉल लक्षणीय फरक पाडते. ५० टक्क्यांच्या पुढे मात्र जाऊ नका. औषध तेलकट असेल तर कोलेस्टेरॉल नेमकी त्याचीच जागा बळकावते आणि भरण कमी होते. शिवाय लेसिथिन निघून गेल्यावर मागे उरणारे कोलेस्टेरॉलबहुल अवशेष तुम्हाला कणांच्या आकाराच्या मोजणीत ‘टिकलेले लायपोसोम’ म्हणून भासू शकतात.

स्वादुपिंडाचे फॉस्फोलायपेज हे वितंचक या कृत्रिम द्रवांत नसते, हीदेखील मोठी उणीव आहे. ते लेसिथिनची एक शेपटी कापते, त्यातून तयार होणारे लायसोलेसिथिन स्वतःच डिटर्जंट असते, आणि पटलात आधीच शिरलेले पित्तक्षार त्याला कापण्यासाठी वाट करून देतात. पित्तक्षार आधीच पटलात मिसळून तयार केलेल्या बायलोसोमची चर्चा २००१ पासून, मुख्यतः तोंडावाटे लस देण्याच्या संदर्भात, होत आली आहे. त्यांच्या टिकाऊपणात मला गूढ काही दिसत नाही: पटलात ऋणभाराचे रेणू आधीच असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या पित्तक्षाराला आत शिरण्याची ओढ कमी राहते. पण पातळ केल्यावर ते रेणू पुन्हा पाण्यात निघून जातात, म्हणून तयार द्रवात दिसलेला टिकाऊपणा शंभरपट विरळ केल्यावरही तसाच राहील, असे गृहीत धरू नये.

दोन्ही मार्ग बाजारात शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर ॲम्फोटेरिसिन बी घ्या. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत ही नावे महाराष्ट्रात घरोघरी पोचली होती. जुन्या प्रकारात ५० मिलिग्रॅम औषध ४१ मिलिग्रॅम सोडियम डिऑक्सिकोलेटच्या मदतीने पाण्यात पसरवलेले असते. लायपोसोमच्या प्रकारात ते हायड्रोजनीकृत सोया लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि एका ऋणभारित लिपिडच्या द्विस्तरात धरून ठेवलेले असते, आणि मूत्रपिंडांवरचा भार त्यामुळे कमी होतो. जुना प्रकार सलाइनमध्ये मिसळला तर औषध साकळते, म्हणून तो ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात. कोलेस्टेरॉलच्या घट्ट पटलात औषध टिकते हे यावरून दिसते, परंतु ते शिरेतून द्यायचे आहे, त्याला आतड्यातले पित्त भेटत नाही. तोंडावाटे द्यायच्या रचनेसाठी हा दाखला पुढे करू नका.

प्रयोगापूर्वी काही किरकोळ वाटणाऱ्या, पण आठवडे वाया घालवणाऱ्या गोष्टी सांभाळा. सोडियम डिऑक्सिकोलेटचे द्रावण पीएच ८ च्या खाली आले की जेलीसारखे घट्ट होऊ लागते आणि आणखी खाली गेले की अवक्षेप बसतो, म्हणून पीएच ६.५ च्या द्रवात टॉरिन जोडलेला क्षारच वापरा. बफरमध्ये कॅल्शियम असेल तर सुटी पित्ताम्ले त्याच्याबरोबर खाली बसतात. ‘ऑक्स बाइल’ म्हणून मिळणारी भुकटी अनेक क्षारांचे, आणि कधी फॉस्फोलिपिडचेही, मिश्रण असते. ती वापरून मिळालेल्या आकड्यांचा हिशेब लावता येत नाही. क्लोरोफॉर्म उडवून पातळ थर करण्याच्या पद्धतीत कोलेस्टेरॉल ५० टक्क्यांच्या जवळ गेले की ते वाळतानाच वेगळे होऊन स्फटिक बनू शकते, आणि एक्स्ट्रूडरच्या (लायपोसोम ठरावीक आकाराचे करण्यासाठी दाबून गाळणाऱ्या उपकरणाच्या) जाळीवर ते अडकून राहते. त्यामुळे जे प्रमाण तोलून घातले ते न लिहिता, गाळल्यानंतर लिपिड आणि कोलेस्टेरॉल दोन्ही मोजून जे आले ते लिहा.

मोजणीचा क्रम मी असा ठेवीन. लिपिडच्या किमान तीन वेगवेगळ्या सांद्रता घेऊन प्रत्येकीत पित्तक्षार वाढवत न्या, आणि प्रत्येक पायरीवर चमकीवरून गळती, प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार आणि गढूळपणा तिन्ही एकाच नमुन्यावर नोंदवा. मर्यादेचा बिंदू लिपिडच्या प्रत्येक सांद्रतेसाठी काढून एका आलेखावर मांडला की सरळ रेषा मिळते. तिचा उतार पटलातले गुणोत्तर देतो आणि अक्षावरचा छेद सुट्या पित्तक्षाराची सांद्रता. कोलेस्टेरॉल २०, ३० आणि ४० मोल टक्के असताना या दोन आकड्यांपैकी नेमका कोणता हलतो, ते पाहा. छेद वर सरकला तर पटलात शिरणेच अवघड झाले आहे. उतार वाढला तर पटल अधिक पित्तक्षार पोटात घेऊनही उभे आहे. कोणत्या लिपिडबरोबर किती कोलेस्टेरॉल घालावे, याचा निर्णय त्यानंतर घ्या, आणि निवडलेली रचना फॉस्फोलायपेज घातलेल्या द्रवात ३७ अंशांवर किमान दोन तास ठेवून पुन्हा तपासा.